वर्णकक्षा आणि लखनौ : प्रक्षेपणयोग्य रंगाचा इतिहास

दूरचित्रवाणीवर दाखवावयाची चित्रफीत प्रक्षेपकाकडे सुपूर्द झाली की प्रथम तिची गुणवत्ता-तपासणी होते. या तपासणीत फीत परत पाठवली जाण्याची जी नेहमीची कारणे आहेत, त्यांत 'गॅमट'चा दोष हे एक प्रमुख कारण होय. गॅमट म्हणजे एखाद्या यंत्रणेला दाखवता येणाऱ्या सर्व रंगांची कक्षा. मराठीत तिला 'वर्णकक्षा' म्हणता येईल. चित्रातील एखादा रंग या कक्षेबाहेर गेला, की तपासणीचे यंत्र तो दोष म्हणून नोंदवते आणि संकलकाला तो रंग आत आणावा लागतो. वरकरणी ही केवळ तांत्रिक दुरुस्ती आहे. परंतु कोणता रंग किती आत आणावयाचा, आणि तो आणताना शेजारच्या रंगांचे काय करावयाचे, हे ठरवणे म्हणजे एका भाषेतील आशय मर्यादित शब्दसंग्रहाच्या दुसऱ्या भाषेत नेण्यासारखेच आहे. म्हणून या दुरुस्तीचा इतिहास हा भाषांतराच्या इतिहासाचाही एक भाग ठरतो. लखनौ शहराच्या संदर्भात तो विशेष स्पष्टपणे पाहता येतो, कारण या शहराची जनमानसातील प्रतिमा बऱ्याच अंशी रंगीत चित्रपटांनी घडवलेली आहे.

शब्दाचे मूळ आणि स्वरलिपीचा दाखला

'गॅमट' हा शब्द मुळात रंगाचा नाही, तो संगीताचा आहे. मध्ययुगीन युरोपीय संगीतात सर्वांत खालच्या स्वरास ग्रीक अक्षरावरून 'गॅमा' आणि स्वरनामावरून 'उत' असे म्हणत. या दोहोंच्या संयोगातून 'गॅमट' हा शब्द तयार झाला. पुढे तो संपूर्ण स्वरपंक्तीस लागू झाला आणि त्यानंतर रंगांच्या कक्षेस. लिपीत बसणारे स्वर कोणते आणि न बसणाऱ्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे या शब्दाला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

हाच प्रश्न लखनौमध्ये एका मराठी माणसाने वेगळ्या क्षेत्रात हाताळला होता. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौ येथे मॅरिस कॉलेजची स्थापना झाली. त्या संस्थेचे आजचे रूप म्हणजे भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी या संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली. घराण्यांच्या तोंडी परंपरेत असलेल्या बंदिशी भातखंडे यांनी स्वरलिपीत बांधल्या. त्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू आणि तार स्वरावर बिंदू अशी चिन्हे आहेत. बारा स्वरांच्या या चौकटीत मींड बसत नाही, कारण मींड दोन स्वरांच्या मधल्या सलग प्रवासात असते. ती लिहिता येत नाही म्हणून लिपीने ती वगळली नाही, आणि जवळच्या स्वरात ढकलून संपवलीही नाही. दोन स्वरांवर एक कमान काढून 'येथे लिपीपलीकडचे काही आहे' अशी खूण तिने ठेवली. मर्यादा मान्य करून बाहेर राहिलेल्या गोष्टीची नोंद ठेवण्याची ही पद्धत पुढील विवेचनात निकष म्हणून उपयोगी पडते.

मर्यादा कोठून आली

दूरचित्रवाणीतील रंगाची मर्यादा सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही. ती वाहक लहरीच्या भौतिक गरजेतून आली. भारताने स्वीकारलेली पाल ही पद्धती जर्मनीत टेलिफुंकन कंपनीत वाल्टर ब्रुख यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी विकसित केली. तिच्यात ६२५ रेषांच्या चित्राची दीप्ती, म्हणजे उजेडाचा अंश, ही मूळ लहर असे. रंगाचा अंश सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झच्या उपवाहकावर स्वार होऊन त्याच लहरीत मिसळलेला असे. रंग जितका संपृक्त, तितके या उपवाहकाचे आंदोलन मोठे. पूर्ण संपृक्त पिवळ्या रंगाची दीप्ती मुळातच उच्च असल्याने तिच्यावर हे आंदोलन चढले की एकूण लहर पांढऱ्या रंगाच्या पातळीपलीकडे जाई. रंगाच्या दोन्ही घटकांना प्रमाणित गुणक लावून हे उल्लंघन पांढऱ्याच्या १३३ टक्क्यांपर्यंत आटोक्यात ठेवले गेले, तरीही ते राहिलेच. यंत्रे जुळवण्यासाठी दाखवल्या जाणाऱ्या रंगपट्ट्या बहुधा ७५ टक्के तीव्रतेच्या ठेवल्या जात, त्याचे कारण हेच.

उल्लंघनाचा परिणाम केवळ डोळ्यांपुरता नव्हता. या पद्धतीत प्रक्षेपण ऋण अधिमिश्रणाने होई, म्हणजे चित्र जितके उजळ, तितकी वाहक लहर क्षीण. पूर्ण पांढऱ्यासाठी ती सुमारे दहा टक्क्यांवर येई. त्यापलीकडे गेलेल्या पिवळ्या वा पांढऱ्या भागात ती जवळजवळ लोप पावे, आणि दूरचित्रवाणी संच ध्वनी मिळवण्यासाठी याच चित्रवाहकाचा आधार घेत असल्याने ध्वनीत गुणगुण उमटे. पडद्यावर झळाळती नामावली आली की आवाजात खरखर येण्याचा अनुभव जुन्या प्रेक्षकांना आहे, त्याचे मूळ येथे होते. कक्षेबाहेरचा रंग अक्षरशः दुसऱ्या इंद्रियाच्या क्षेत्रात घुसखोरी करीत होता. म्हणूनच प्रक्षेपण-अभियंत्यांच्या परिभाषेत रंगाला 'कायदेशीर' व 'बेकायदेशीर' ही विशेषणे लागली.

रंगाचा प्रवास : तीन दाखले

एका ठिकाणी योजलेला रंग दुसऱ्या ठिकाणी तसाच पोहोचत नाही, याचा अनुभव मराठी चित्रसृष्टीने दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी घेतला होता. प्रभात कंपनीच्या 'सैरंध्री' (१९३३) या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करून घेण्यात आल्या. परंतु हाती आलेले रंग अपेक्षेप्रमाणे नव्हते आणि हा प्रयोग रंगाच्या दृष्टीने अयशस्वी ठरला. चित्रण एका देशातील उजेडात आणि रंगसंस्कार दुसऱ्या देशातील प्रयोगशाळेत, या अंतरात रंग हरवला.

लखनौच्या पार्श्वभूमीवरील 'चौदहवीं का चाँद' (१९६०) हा दुसरा दाखला. गुरुदत्त निर्मित आणि एम. सादिक दिग्दर्शित हा चित्रपट कृष्णधवल आहे, मात्र त्याचे शीर्षकगीत रंगीत चित्रित झाले. त्या काळच्या रंगीत फिल्मला फार प्रखर प्रकाश लागत असे. या प्रकाशाने आपले डोळे लाल झाले आणि त्या लाल डोळ्यांवर चित्रपट परीक्षण मंडळाने आक्षेप घेतला, ही आठवण वहीदा रहमान यांनी पुढे सांगितली आहे. परीक्षकांना त्या लालीत शृंगाराचा अतिरेक दिसला, वस्तुतः ती दिव्यांच्या उष्णतेची खूण होती. कृष्णधवल चित्रणात ही लाली उमटलीच नसती. येथे तांत्रिक कारणाने निर्माण झालेला रंग नैतिक अर्थाने वाचला गेला. 'रंग मर्यादेत आहे काय' हा प्रश्न कोण विचारतो यावर त्याचे उत्तर अवलंबून असते, हे या प्रसंगातून दिसते.

तिसरा दाखला सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाड़ी' (१९७७) या चित्रपटाचा. प्रेमचंदांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा होण्याच्या वेळचे लखनौ आहे. बन्सी चंद्रगुप्त यांचे कलादिग्दर्शन आणि सौमेंदू राय यांचे छायालेखन यांनी दरबाराचा रंग आणि कंपनीच्या अधिकाऱ्याच्या दालनाचा रंग निरनिराळे राखले. नवाबाच्या भोवतालची समृद्धी आणि रेसिडेन्सीतील कोरडेपणा यांतील विरोध संवादांइतकाच रंगांतूनही व्यक्त होतो. मूळ कथेत जे निवेदकाच्या उपरोधाने साधले होते, त्याचा काही भाग चित्रपटाने रंगाकडे सोपवला. रंग निस्तेज झाला तर उपरोधाचा एक आधारच निघून जातो, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने ध्यानात घ्यावयास हवी.

कृष्णधवल संच, रंगीत लखनौ

लखनौ दूरदर्शन केंद्र नोव्हेंबर १९७५ मध्ये सुरू झाले. दूरदर्शनसाठी माणसे घडवणारा विभाग त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीहून पुण्याच्या चित्रपट संस्थेत हलवण्यात आला होता, म्हणजे या माध्यमाच्या प्रशिक्षणाचे केंद्र तेव्हा महाराष्ट्रात आले. दूरदर्शनचे प्रक्षेपण १९८२ पर्यंत कृष्णधवल होते. कृष्णधवल संचावर रंगाची केवळ दीप्ती उरते. ती काढताना हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालाचा ३० टक्के आणि निळ्याचा ११ टक्के धरला जाई. समान दीप्तीचे लाल व हिरवे वस्त्र अशा संचावर एकाच राखाडी रंगाचे दिसे. लखनौसंबंधीचे रंगीत चित्रपट चित्रपटगृहांत झळकत असताना घरातील पडद्यावर त्या रंगांना जागाच नव्हती.

रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्यदिनाचा सोहळा आणि त्याच वर्षीच्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धा यांच्याशी त्याची आठवण जोडलेली आहे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्तरावर अंकीय चित्राचे पहिले मोठे प्रमाणही ठरले, जे पुढे 'शिफारस ६०१' या नावाने ओळखले गेले. त्यात आठ अंशांच्या नोंदीत दीप्तीसाठी १६ ते २३५ आणि रंगांशासाठी १६ ते २४० अशी मर्यादा घातली गेली. उच्च स्पष्टतेच्या चित्रासाठी १९९० मध्ये आलेल्या 'शिफारस ७०९' नेही हीच चौकट चालवली. भारतातील पाल प्रक्षेपक पुढे टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. परंतु ज्या लहरीसाठी मर्यादा आली होती ती मागे पडली, तरी मर्यादा प्रमाणांत टिकून राहिली.

आजचा दोष आणि त्याची दुरुस्ती

अंकीय युगात कक्षाभंग दोन प्रकारचा असतो आणि या दोहोंची गल्लत नेहमी होते. पहिला प्रकार म्हणजे संख्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर जाणे. संगणकावरील चित्र बहुधा ० ते २५५ अशा पूर्ण पट्ट्यात असते. निर्यात करताना ते १६ ते २३५ च्या पट्ट्यात बसवले गेले नाही, तर गडद भाग काळ्यात बुडतात आणि उजळ भाग पांढऱ्यात विरतात. हे रूपांतर चुकून दोनदा झाले, तर चित्र फिकट व धुरकट दिसते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. दीप्ती व रंगांश स्वतंत्रपणे मर्यादेत असतात, पण त्यांच्या संयोगातून लाल, हिरवा व निळा हे तीन मूळ घटक काढले की एखादा शून्याखाली वा शंभर टक्क्यांवर जातो. अंधाऱ्या कोपऱ्यातील अतिसंपृक्त निळा हे याचे नेहमीचे उदाहरण. दीप्ती व रंगांश यांच्या शक्य जोड्यांपैकी सुमारे एक चतुर्थांशच खऱ्या रंगाशी जुळतात. उरलेल्या जोड्या व्याकरणशुद्ध पण निरर्थक वाक्यांसारख्या असतात.

युरोपीय प्रसारण संघाच्या 'आर १०३' या शिफारशीने या बाबतीत काहीशी सवलत दिली आहे. तीनही मूळ घटक उणे ५ ते १०५ टक्क्यांच्या दरम्यान असावेत, आणि त्याबाहेर जाणारा भाग चित्रक्षेत्राच्या एक टक्क्यापर्यंत असेल तर तो दोष मानू नये, असे ती सांगते. चित्र लहानमोठे करताना, त्याच्या कडा तीक्ष्ण करताना किंवा फाइल संपीडित करताना कडांपाशी क्षणिक उसळ्या येतातच, हे त्यामागील व्यवहारज्ञान.

दुरुस्तीचा योग्य क्रम यातूनच ठरतो. प्रथम वेव्हफॉर्म मॉनिटरवर दीप्ती, तीन घटकांच्या स्वतंत्र आलेखावर मूळ रंग आणि वेक्टरस्कोपवर संपृक्तता पाहून दोष कोणत्या दृश्यात, कोणत्या रंगात आणि उजळ भागात की गडद भागात, हे निश्चित करावे लागते. त्यानंतर त्याच दृश्यात, शक्यतो त्याच रंगापुरती, संपृक्तता वा दीप्ती उतरवली जाते. नामावलीची अक्षरे व चित्राकृती यांचे रंग मुळातच मर्यादेत निवडले जातात. हे सर्व झाल्यावरच शेवटी सर्व चित्रावर मर्यादक लावला जातो, आणि तोही थोडी जागा राखून, कारण संपीडनात पुन्हा उसळ्या येणार असतात. अखेरची तपासणी संकलनाच्या पटावरील चित्राची न करता निर्यात झालेल्या फाइलीचीच करावी लागते. निर्यातीत रंगांशाचे नमुने कमी केले जातात, त्यामुळे पटावर निर्दोष असलेले चित्र फाइलीत सदोष ठरू शकते.

घाईच्या कामात हा क्रम उलटतो. दृश्ये न तपासता संपूर्ण चित्रपटावर मर्यादक लावला जातो, तपासणीचे यंत्र संमती देते आणि काम संपते. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नसते. काय गमावले गेले हे मात्र यंत्र सांगत नाही.

पांढऱ्यावर पांढरे

ते गमावलेले काय असते, हे लखनौच्या चिकनकामावरून समजते. चिकनकामाचे पारंपरिक रूप पांढऱ्या तलम वस्त्रावर पांढऱ्या धाग्याचे आहे. तेपची, मुर्री, फंदा, जाली हे टाके उठावाने किंवा पोकळीने दिसतात. बखिया हा टाका तर कापडाच्या मागच्या बाजूने घातला जातो आणि पुढून त्याची केवळ सावली दिसते. या कलेचे सारे सौंदर्य शुभ्रतेच्या छटांत आहे. अंकीय दीप्तीच्या २१९ पायऱ्यांपैकी सर्वांत उजळ दहा टक्क्यांना सुमारे २२ पायऱ्या मिळतात. उन्हातील चिकनचे वस्त्र बरेचसे याच पायऱ्यांवर आणि त्यांच्या किंचित वर वसलेले असते. १०० टक्क्यांवरचे सर्व कापून टाकणारा मर्यादक लावला, की निरनिराळ्या उजळ छटा एकाच पांढऱ्या रंगात मिसळतात. वस्त्र उरते आणि भरतकाम नाहीसे होते.

मुजफ्फर अली यांच्या 'अंजुमन' (१९८६) या चित्रपटाचा विषयच लखनौमधील चिकन काढणाऱ्या स्त्रियांचे शोषण हा आहे आणि त्यातील नायिकेची भूमिका शबाना आझमी यांनी केली आहे. अशा कृतीच्या प्रक्षेपणप्रतीत टाका दिसेनासा झाला, तर ज्या श्रमाचा मोबदला नाकारला गेल्याची ती कथा आहे, तो श्रमच पडद्यावरून पुसला जातो. येथे रंगदुरुस्ती ही आशयाची बाब बनते.

जरीचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. दिव्याखालच्या सोनेरी जरीत लाल घटक ११० टक्के, हिरवा ८५ आणि निळा ३० आहे असे धरू. लाल १०० वर कापला की तीन घटकांचे परस्परप्रमाण बिघडते, तांबूस झाक उणावते आणि सोने पिवळटपणाकडे झुकते. याउलट, उंच छटा क्रमाक्रमाने दाबत आणल्या आणि तीनही घटकांचे नाते सांभाळले, तर तेज थोडे कमी होते पण सोने सोनेच राहते. पहिला मार्ग कापण्याचा, दुसरा सामावून घेण्याचा. भाषांतरातही लक्ष्यभाषेत न बसणारा शब्द गाळता येतो, किंवा सबंध वाक्याचा स्वर थोडा उतरवून त्या शब्दाचे इतरांशी असलेले नाते राखता येते. दुसऱ्या मार्गाचीही किंमत असते. एक तीव्र रंग वाचवण्यासाठी शेजारचे रंग आपली जागा सोडतात. म्हणून कोणताही मार्ग सर्वत्र योग्य ठरत नाही. टाका सावलीतला असेल तर छटांमधील अंतर आधी राखावे लागते, जरी असेल तर घटकांचे प्रमाण. हा निवाडा दृश्य पाहणाऱ्यालाच करता येतो.

संग्रहाचा प्रश्न

मिर्झा हादी रुस्वा यांच्या 'उमराव जान अदा' (१८९९) या कादंबरीवर आधारलेल्या मुजफ्फर अली यांच्या 'उमराव जान' (१९८१) या चित्रपटास अभिनय, संगीत, पार्श्वगायन व कलादिग्दर्शन यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांतील पार्श्वगायनाचा पुरस्कार आशा भोसले यांचा होता. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाअंतर्गत या चित्रपटाचे पुनरुज्जीवन होऊन तो जून २०२५ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. मूळ निगेटिव्ह वापरण्याजोगी न राहिल्याने त्यासाठी चित्रपटाच्या ३५ मिमी प्रदर्शनप्रतीचा आधार घ्यावा लागला.

प्रदर्शनप्रत हे स्वतःच एक भाषांतर असते. त्या काळच्या रंगीत प्रतींमध्ये निळसर-हिरव्या रंगद्रव्याचा थर आधी विरतो आणि चित्र गुलाबीकडे झुकते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. पुनरुज्जीवन करणाऱ्यास त्यामुळे अशा प्रतीतील रंगावरून मूळ रंगाचे अनुमान करावे लागते. ही कृती पाठचिकित्सेच्या जवळची आहे. एकाच सदोष हस्तलिखितावरून संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाची स्थिती याहून वेगळी नसते. अशा श्रमाने मिळवलेला रंग दूरचित्रवाणीसाठी निर्यात करताना जर आंधळ्या मर्यादकाखाली गेला आणि पुढे तीच प्रक्षेपणप्रत प्रमाण प्रत म्हणून हातोहात फिरू लागली, तर पुढच्या अभ्यासकाला लखनौचे जे रंग दिसतील ते कादंबरीचे नसतील, दिग्दर्शकाचे नसतील. ते एका यंत्राच्या संमतीचे असतील. २०१२ मधील 'शिफारस २०२०' ने कितीतरी विस्तृत वर्णकक्षा प्रमाणित केली आहे. परंतु आज कापून टाकलेला रंग विस्तृत कक्षा मिळाल्याने परत येत नाही.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मर्यादेत न आणलेली मूळ अंकीय प्रत स्वतंत्रपणे जतन झाली पाहिजे आणि प्रक्षेपणप्रत तिच्यापासून केव्हाही नव्याने काढता आली पाहिजे. तसेच प्रक्षेपणप्रतीसोबत कोणत्या दृश्यात, कोणता रंग, कोणत्या पद्धतीने आत आणला याची नोंद राहिली पाहिजे. संपादित संहितेत पाठभेद तळटीपेत देण्याची शिस्त साहित्याभ्यासाने फार पूर्वी अंगी बाणवली आहे. लखनौमध्ये शिकवल्या गेलेल्या स्वरलिपीत मींडेवरची कमान हेच काम करते. गाणे तिच्यात मावत नाही, पण काय मावले नाही हे वाचणाऱ्याला कळते. रंगाच्या प्रक्षेपणयोग्य प्रतीला अशी कमान अद्याप मिळालेली नाही.